आपल्या गाण्याला आपला पत्ता: पहिली वेबसाइट बांधताना

गाणं तयार झालं. हेडफोनवर, स्पीकरवर, फोनवर दहादा ऐकून झालं, जवळच्या चौघांना पाठवूनही झालं. त्यातलं एक जण विचारतं, "छान झालंय. तुझी बाकीची कुठे ऐकायला मिळतील?" आणि आपलं उत्तर लांबत जातं. दोन एका अ‍ॅपवर आहेत, एक व्हिडिओ साइटवर आहे पण तिथे आवाज नीट नाही, सुरुवातीची तीन ज्या खात्यावर होती त्याचा पासवर्ड सापडत नाही, थांब, शोधून लिंका पाठवते. त्या लिंका बहुतेक वेळा पाठवायच्या राहून जातात.

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता यावं, म्हणून स्वतःची वेबसाइट.

स्ट्रीमिंगच्या सेवांशी माझं भांडण नाही. ऐकणारे तिथे असतात, म्हणून गाणी तिथेही असावीत. पण तिथे आपण बिऱ्हाडकरू असतो. पान कसं दिसेल, आपल्या गाण्यामागून कुणाचं गाणं लागेल, मध्ये जाहिरात कुठे येईल, आणि मुळात ती जागा किती वर्षं राहील, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. जिओसिटीज या सेवेवर एके काळी लाखो लोकांची घरगुती पानं होती. याहूने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये जपान वगळता सगळीकडे बंद केली. मायस्पेसवर तर नव्या बँडांची अख्खी पिढी गाणी टाकत होती. २०१९ मध्ये त्या कंपनीने कळवलं, की सर्व्हर हलवताना गोंधळ झाला आणि तीन वर्षांपेक्षा जुन्या ऑडिओ फायली, फोटो, व्हिडिओ आता बहुधा मिळणार नाहीत. ज्यांनी मूळ फाइल स्वतःकडे ठेवली नव्हती, त्यांचं ते गाणंच गेलं. हे वाचलं तेव्हा मी आधी माझ्या जुन्या डिस्का शोधायला उठले होते.

म्हणून या लेखात मी एकच गोष्ट धरून चालणार आहे: साइट साधी असू दे, पण बिऱ्हाड कधीही उचलून दुसरीकडे नेता येईल अशी बांधायची. पुढचे सगळे सल्ले त्यातूनच येतात.

वेबसाइट म्हणजे एक फोल्डर

शब्दांची भीती वाटते, म्हणून आधी ती काढून टाकू. तुमच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे असं समजा. त्यात एक मजकुराची फाइल आहे, दोन चित्रं आहेत, तीन गाणी आहेत. हाच फोल्डर कायम चालू असलेल्या आणि कायम इंटरनेटला जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवला, की झाली वेबसाइट. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात आणि तिथे जागा घेण्याला होस्टिंग.

कुणी तुमचा पत्ता टाइप केला, की त्यांचा ब्राउझर सर्व्हरकडे मजकुराची फाइल मागतो. ती येते. ब्राउझर ती वाचायला लागतो. त्यात लिहिलेलं असतं, की इथे हे चित्र दाखव, इथे हे गाणं वाजव. मग तो पुन्हा सर्व्हरकडे जाऊन ते चित्र आणि ते गाणं मागतो. एवढंच चालू असतं. मजकुराची ती फाइल ज्या भाषेत लिहितात ती एचटीएमएल. रंग, अक्षरं, मोकळी जागा कशी असावी हे जिच्यात लिहितात ती सीएसएस.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या भौतिकशास्त्राच्या संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्रज्ञान सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. एचटीएमएल लिहायला आजही कुणाचा परवाना लागत नाही, कुणाची फी भरावी लागत नाही, ते त्यामुळेच. त्या काळी लिहिलेली साधी पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. आपल्या गाण्याचं पान वीस वर्षांनी उघडावं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी यापेक्षा मोठी हमी दुसरी नाही.

तयार साचे देणाऱ्या सेवा आहेत, वर्डप्रेससारखी साधनं आहेत. रोज काही ना काही लिहिणाऱ्याला ती उपयोगी पडतात. पण दहा-बारा गाणी, थोडा मजकूर आणि एक संपर्काचा पत्ता एवढ्यासाठी डेटाबेस, प्लगइन आणि दर महिन्याचे अपडेट कशाला सांभाळायचे? माझं मत स्पष्ट आहे: पहिली साइट हाताने लिहिलेल्या एचटीएमएलची असावी. दोन सुट्ट्यांच्या दिवसांत जमते. आणि ती फोल्डरच असल्यामुळे एका होस्टिंगवरून दुसरीकडे न्यायची म्हणजे फोल्डर कॉपी करायचा.

अशी साधी साइट फुकट ठेवू देणाऱ्या जागाही आहेत. गिटहब पेजेस हे त्यातलं माहितीतलं नाव. तिथे एक फाइल १०० एमबीच्या आत आणि सगळी साइट १ जीबीच्या आत ठेवावी लागते. ही मर्यादा गाण्यांना पुरते का, याचा हिशोब पुढे येईलच. जागा निवडताना तीन गोष्टी विचारा: ऑडिओ फायली चालतात का (काही फुकट सेवांना चालत नाहीत), महिन्याला किती डेटा बाहेर जाऊ देतात, आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं का. ऐकणाऱ्याचा ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं एचटीटीपीएस हल्ली बहुतेक ठिकाणी आपोआप मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे त्याचं प्रमाणपत्र फुकट झालंय, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर कारण विचारा.

नाव आणि ते कुणाच्या नावावर

डोमेन म्हणजे आपल्या साइटचं नाव. सर्व्हरला खरं तर आकड्यांचा पत्ता असतो. नाव दिलं की आकडा सांगणारी जगभर पसरलेली एक वही आहे, तिला डीएनएस म्हणतात. तुम्ही होस्टिंग बदललं तर त्या वहीतला आकडा बदलायचा. नाव तेच राहतं, लोकांकडच्या लिंका तशाच चालतात. फार तर एक-दोन दिवस काहींना जुनी जागा दिसेल, काहींना नवी. गाणी जिथे असतील तिथे असोत, नाव मात्र कायम आपलं. त्यामुळे एका गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर डोमेनवर करा.

नाव कसं असावं? फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे. मराठी नावं रोमन अक्षरांत लिहिताना इथेच घोळ होतो. 'ज्ञ' कुणी डीएनवाय लिहितं, कुणी जीवाय. 'क्ष' कुणी केएसएच, कुणी नुसता एक्स. 'ऋ' आणि 'अ‍ॅ' यांचं तर विचारूच नका. पाच जणांना नाव नुसतं तोंडी सांगा आणि लिहून दाखवायला सांगा. पाचांची स्पेलिंग जुळली तर घ्या, नाही तर दुसरं शोधा. मधली आडवी रेघ शक्यतो टाळा, सांगताना ती हमखास राहते.

आता जी गोष्ट मला स्वतःला महागात पडली ती. माझं पहिलं डोमेन एका ओळखीच्याने "मी करून देतो ना" म्हणत स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. हेतू चांगलाच होता. दोन-तीन वर्षांनी त्याने काम बदललं, ईमेल बदलला, आणि डोमेनची मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. मला कळलं तेव्हा माझ्या नावाच्या पत्त्यावर जाहिरातींचं पान उघडत होतं. ते नाव मला परत मिळालं नाही. साइट बांधायला कुणाचीही मदत घ्या, पण डोमेन तुमच्या खात्यातून, तुमच्या ईमेलवर, तुमच्या हाताने घ्या. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं की त्यावरचा ईमेलही बंद पडतो. मग सूचना येणार कुठे?

गाणं किती जड?

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून जी मूळ फाइल निघते ती बहुधा वेव्ह असते. तिच्यात काहीही गाळलेलं नसतं. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं आवाजाचं माप, प्रत्येक माप १६ बिटांचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. इतक्या वेळा मापावं लागतं ते कानामुळे: माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आणि एखादी कंपनसंख्या नीट टिपायची तर तिच्या दुपटीहून जास्त वेळा मापावं लागतं. गुणाकार करा: ४४,१०० गुणिले १६ गुणिले २, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. चार मिनिटांच्या गाण्याचे होतात साधारण ४२ एमबी.

तेच गाणं १९२ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १९२ हजार बिटांच्या) एमपीथ्रीमध्ये पावणेसहा एमबीत बसतं. सातपटीहून हलकं, आणि बहुतेकांना फरक ऐकू येत नाही. मग बाकीचं गेलं कुठे?

हे मला फार सुंदर वाटतं, म्हणून जरा थांबते. आपला कान सगळं ऐकत नाही. झांजेचा जोराचा ठोका पडतो त्या क्षणी त्याच्या आसपासच्या सुरातली बारीक कुजबुज आपल्याला ऐकूच येत नाही. ठोका पडून गेल्यावरही क्षणाचा काही भाग कान दिपलेला असतो. जोराचा आवाज शेजारच्या हलक्या आवाजाला झाकून टाकतो. एमपीथ्री बनवणारं सॉफ्टवेअर गाण्याचे अगदी छोटे छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात कोणता आवाज कोणाच्या आड झाकला जाणार याचा अंदाज बांधतं, आणि झाकलेल्या भागावर कमीत कमी बिट खर्च करतं. म्हणजे फाइल लहान होते ती माणसाच्या कानाचा अभ्यास करून. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत यावर वर्षानुवर्षं काम झालं, आणि १४ जुलै १९९५ रोजी तिथल्या लोकांनी या फायलींच्या नावापुढे लागणारं एमपीथ्री हे शेपूट ठरवलं. २०१७ मध्ये त्यांनी त्याचा परवाना विकणंही थांबवलं.

यातून कामाच्या गोष्टी निघतात. पहिली: जे गाळलं ते गेलं. एमपीथ्री पुन्हा वेव्हमध्ये बदलली तरी गाळलेला भाग परत येत नाही, आणि एमपीथ्रीपासून पुन्हा एमपीथ्री केली तर उरलेल्यातून आणखी गाळलं जातं. झांजांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लागायला लागला तर बहुधा हेच झालेलं असतं. म्हणून साइटसाठीची फाइल नेहमी मूळ वेव्हपासूनच काढा. दुसरी: मास्टर करताना, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, आवाज अगदी छतापर्यंत चढवू नका. एमपीथ्री करताना लाटेचा आकार किंचित बदलतो आणि काठोकाठ भरलेली शिखरं बाहेर सांडून करकर येते. सर्वात उंच शिखराच्या वर एक डेसिबलची जागा मोकळी ठेवली की सुटतं.

बिटरेट किती ठेवायचा? १२८ केबीपीएसला गाणं पावणेचार-चार एमबीचं होतं, बोलण्यासाठी ठीक, पण झांजा आणि तारांच्या वाद्यांत कमी पडतं. ३२० ला साडेनऊ एमबीच्या पुढे जातं. मी ऐकण्यासाठी १९२ ठेवते, आणि ज्यांना उतरवून घ्यायचं त्यांच्यासाठी वेगळी फ्लॅक फाइल देते. फ्लॅकमध्ये काही गाळलं जात नाही, तरी ती वेव्हपेक्षा बरीच लहान असते. ओपस नावाचं २०१२ चं नवं स्वरूप कमी बिटरेटला एमपीथ्रीपेक्षा चांगलं वाजतं, पण जुन्या फोनवर आणि गाडीतल्या प्लेअरवर एमपीथ्री जेवढी बिनतक्रार चालते तेवढं दुसरं काही चालत नाही. पहिल्या साइटला एमपीथ्री पुरे.

आता राहिलेला हिशोब. १ जीबीच्या जागेत १९२ केबीपीएसची चार मिनिटांची दीडशेहून जास्त गाणी मावतात. एक गाणं हजार वेळा ऐकलं गेलं तर साधारण पावणेसहा जीबी डेटा बाहेर जातो. वेव्ह ठेवली असती तर बेचाळीस जीबी गेला असता, आणि ज्याचं नेट मंद आहे त्याचं गाणं मधेमधे अडलं असतं.

माझ्याकडे वाजतं, तिच्याकडे वाजत नाही

पानावर गाणं वाजवायला पूर्वी फ्लॅश नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला, आणि फक्त त्यावर चालणारे प्लेअर मुके झाले. आता त्याची गरजच नाही. एचटीएमएलमध्ये ऑडिओ नावाचा टॅग, म्हणजे ब्राउझरला दिलेली खूण, आहे; त्यात फाइलचं नाव लिहायचं आणि पुढे कंट्रोल्स हा एक शब्द जोडायचा. ब्राउझर स्वतःच प्लेचं बटण, वेळेची पट्टी आणि आवाज कमी-जास्त करायची सोय दाखवतो. एका ओळीत काम होतं. कंट्रोल्स लिहायला विसरलात तर पानावर काहीच दिसत नाही, आणि आपण तासभर फाइल तपासत बसतो.

माझ्या पहिल्या पानावर मी ती ओळ लिहिली, ब्राउझरमध्ये उघडली, गाणं वाजलं. अंगावर काटा आला होता. लगेच अपलोड करून मैत्रिणीला लिंक पाठवली. तिचा फोन आला: प्लेअर दिसतोय, पण राखाडी आहे आणि वेळ शून्य. मी माझ्या कॉम्प्युटरवरचं पान उघडून पुन्हा दाबलं, वाजलं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ती ओळ एकेक अक्षर वाचली तेव्हा दिसलं: फाइलचा पत्ता म्हणून मी माझ्याच कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हमधल्या डेस्कटॉपवरचा पत्ता लिहिला होता. माझ्या घरात तो पत्ता खरा होता. तिच्या फोनला त्याचा काय उपयोग? फाइल पानाच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि ओळीत फक्त फाइलचं नाव लिहिलं, की झालं. म्हणून अपलोड झाल्यावर साइट नेहमी दुसऱ्या यंत्रावर तपासायची, शक्यतो दुसऱ्याच्या फोनवर, वायफाय बंद करून.

असाच दुसरा सापळा फायलींच्या नावांचा. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांना ती वेगळी. घरी वाजलेलं गाणं नावातल्या एका कॅपिटल अक्षरामुळे सर्व्हरवर सापडत नाही. आणि नाव देवनागरीत ठेवलं तर? चालतं, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हं होतात, कारण देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं आणि प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन अक्षरं अशी लिहिली जाते. 'गाणं' या शब्दात ग, काना, ण आणि अनुस्वार अशी चार चिन्हं. लिंकमध्ये ती छत्तीस चिन्हांची शेपटी होते, आणि मेसेजमध्ये पाठवताना मध्येच तुटायचीही भीती. गाण्याचं नाव पानावर देवनागरीतच झळकू द्या. फाइलचं नाव मात्र स्मॉल रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच ठेवा. स्पेस नको.

काही वाजलं नाही तर कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा आणि नेटवर्कचा भाग उघडून पान पुन्हा लोड करा. प्रत्येक फाइलपुढे एक आकडा दिसेल. २०० किंवा २०६ म्हणजे मिळाली. ४०४ म्हणजे त्या नावाची फाइल तिथे नाही, नाव नाही तर जागा चुकली. या २०६ ची एक गंमत आहे. ऐकणाऱ्याने पट्टी ओढून थेट तिसऱ्या मिनिटावर नेली, तर ब्राउझर सर्व्हरला सांगतो, मला फाइलचा एवढाच तुकडा दे. सर्व्हरला तुकडा देता येत असेल तर तो २०६ म्हणतो. येत नसेल तर पट्टी ओढूनही गाणं पुढे जात नाही. असं झालं तर दोष तुमच्या पानाचा नाही, होस्टिंग बदलायची वेळ झाली आहे.

आणखी दोन बारीक गोष्टी. एका पानावर दहा गाणी असतील तर प्रत्येक टॅगमध्ये प्रीलोडपुढे नन (none) लिहा, म्हणजे प्ले दाबेपर्यंत गाणं मागवलंच जाणार नाही आणि पान पटकन उघडेल. आणि पान उघडताच गाणं आपोआप सुरू करायचा मोह आवरा. क्रोमने २०१८ पासून असा आवाज बहुतेक वेळा अडवायला सुरुवात केली, सफारीने त्याच्याही आधी. पण मुळात रात्री शेजारी कुणी झोपलेलं असताना ज्याने लिंक उघडली, त्याच्यावर आपलं गाणं असं अंगावर धावून जाऊ नये. त्याला स्वतःहून प्ले दाबू द्या. तिथूनच ऐकणं सुरू होतं.

पानावर काय ठेवायचं

नवी साइट बघायला जावं तर बहुधा आधी मोठा फोटो, मग "माझ्याविषयी", मग "बालपणापासून संगीताची आवड", आणि गाणं तीन पानं मागे. उलटं करा. पत्ता उघडताच नाव, एक गाणं आणि प्लेचं बटण दिसलं पाहिजे. कोणतं गाणं? नवीनातलं नवीन नव्हे, ज्यात तुमचा आवाज सगळ्यात जास्त तुमचा आहे ते. ओळख दोन-तीन ओळींची पुरते. ज्याला गाणं आवडलं तो पुढचं शोधत येतोच.

प्रत्येक गाण्याला वेगळं पान द्या. कुणाला एकच गाणं पाठवायचं असेल तर त्याच गाण्याची लिंक हवी. त्या पानावर शब्द लिहा, खरे अक्षरांत. शब्दांचं चित्र करून टाकू नका. चित्रातली अक्षरं अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) नीट वाचता येत नाहीत, आणि एक ओळ आठवून गाणं शोधणाऱ्यालाही ते पान सापडणं अवघड होतं. किती गाणी अशी शोधली जातात, अर्धी ओळ आठवून! देवनागरी नीट दिसावी म्हणून पानाच्या वरच्या भागात, अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी यूटीएफ-८ ची ओळ विसरू नका, नाही तर अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं उमटतात. मजकुराची भाषा मराठी आहे हेही तिथेच सांगता येतं. त्यामुळे स्क्रीन रीडर योग्य उच्चार निवडतो.

मग श्रेयनामावली. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कोणतं वाद्य कुणी वाजवलं, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग कुणी केलं, कोणत्या वर्षी. पुष्कळ ठिकाणी फक्त गायकाचं नाव दिसतं. स्वतःच्या पानावर ही कंजुषी करायचं काहीच कारण नाही, आणि वाजवणाऱ्याला आपलं नाव तिथे पाहून जे वाटतं ते मी पाहिलं आहे. हीच नावं एमपीथ्रीच्या आतल्या टॅगमध्येही (फाइलमधल्या माहितीच्या रकान्यांत) भरा, मुखपृष्ठासकट. कुणी गाणं उतरवून घेतलं तर त्याच्या फोनवर "अज्ञात कलाकार" असं दिसायला नको.

फोटो फोनमधून निघतो तसाच चढवू नका. चार-पाच एमबीचा फोटो म्हणजे जवळजवळ एक अख्खं गाणंच. १,२०० पिक्सेल रुंद करून दोन-तीनशे केबीत बसवा. फोनवर पान नीट बसावं म्हणून व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते, ती नसेल तर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आणि लिंक मेसेजमध्ये पाठवल्यावर खाली जे चित्र आणि शीर्षक उमटतं, ते ओपन ग्राफ नावाच्या तीन-चार ओळींतून येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोरी लिंक आणि चित्रासकट लिंक यांत दाबावंसं वाटण्याचा फरक मोठा.

हक्काच्या गोष्टी

एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगवेगळे हक्क असतात. एक शब्दांचा आणि चालीचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. तुम्ही जुनं लोकप्रिय गाणं स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं, तर ध्वनिमुद्रण तुमचं पण शब्द-चाल दुसऱ्याची. स्वतःच्या साइटवर ठेवायलाही परवानगी लागते. मित्राची कविता स्वरबद्ध केली असेल तर त्याच्याकडून दोन ओळी लेखी घ्या. मैत्रीत अविश्वास म्हणून नाही. दहा वर्षांनी दोघांनाही नक्की काय ठरलं होतं ते आठवत नाही म्हणून. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे आयते तुकडे) वापरले असतील तर त्यांच्या अटी वाचा. आणि स्ट्रीमिंग सेवांवर गाणी पोचवणाऱ्या एखाद्या वितरकाला गाणं दिलं असेल तर करारात "एक्सक्लुझिव्ह" हा शब्द आहे का ते पाहा. असेल तर स्वतःच्याच साइटवर ते गाणं पूर्ण वाजवता येईल का, हे आधी विचारावं लागेल.

तुमच्या स्वतःच्या रचनेचं काय? बर्न या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सदस्य देशांत कॉपीराइट रचनेबरोबरच जन्माला येतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. इतरांनी तुमचं गाणं वापरावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने आहेत. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून शांतपणे निवडा.

"कुणी डाउनलोड केलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. ब्राउझरमध्ये गाणं वाजलं याचा अर्थ ते त्या यंत्रापर्यंत पोचलेलं आहे. राइट क्लिक बंद करणं वगैरे उपायांनी फक्त साध्या ऐकणाऱ्याला त्रास होतो. मी डाउनलोडचं बटण उघडपणे देते आणि शेजारी ईमेल लिहिते. ज्यांना पैसे द्यावेसे वाटतात ते विचारतात.

ठेवलेलं टिकावं म्हणून

सर्व्हरवरची साइट ही प्रत, मूळ नेहमी आपल्याकडे. सगळा फोल्डर, सगळ्या मूळ वेव्ह फायली आणि शक्य असेल तर वेगवेगळे ट्रॅकही दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा डिस्क जोडून एखादं गाणं खरंच वाजवून बघा. फाइल दिसते पण उघडत नाही, हेही होतं.

डोमेन वर्षाच्या हिशोबाने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका, कारण कार्डाची मुदत डोमेनच्या आधी संपलेली असू शकते. डॉट कॉमसारख्या नावाची मुदत चुकली तर काही काळ नेहमीच्या दरात परत घेता येतं, त्यानंतर ३० दिवस जास्त पैसे भरून, आणि मग पाच दिवसांनी ते नाव कुणालाही मिळू शकतं. मी मुदतीच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरमध्ये लावून ठेवते. ती वाजली की पैसे भरते आणि त्याच बैठकीत सगळी पानं उघडून प्रत्येक गाणं थोडं थोडं ऐकते. गेल्या वेळी एक गाणं दहाव्या सेकंदाला तुटत होतं. अपलोड अर्धवट झालं होतं आणि मला कुणीच सांगितलं नव्हतं. डिस्कवरून पुन्हा चढवलं.